पूररेषेखालची माणसे

चंद्रपूर-गडचिरोलीचा इतिहास म्हटला की गोंड राजांची नामावली, किल्ले, जंगल आणि खनिजे एवढ्यावरच आपली लेखणी थांबते. या मुलखाचा दुसरा एक इतिहास नद्यांनी लिहिला आहे. तो पुराचा इतिहास आहे. तो कोणाच्या नजरेने वाचायचा, हा प्रश्न एकट्या अभ्यासकांवर सोडता येणार नाही.

माझे बालपण वैनगंगेकाठच्या एका गावात गेले. गावात पूर मोजण्याची एक खूण होती : देवळाची पायरी. पाणी पहिल्या पायरीला लागले की 'यंदा पूर आला' असे गाव म्हणे. आमचा मोहल्ला उतारावर, नाल्याला लागून. पायरी भिजण्याच्या आदल्या दिवशीच आमच्या घरात कमरेइतके पाणी असे; पण त्या दिवसाला गावाच्या हिशेबात जागा नव्हती. माझा आजा गावचा कोतवाल. रात्री पाण्यातून चालत जाऊन, "पानी चढून रायलं जी, उठा!" अशी हाळी तोच देई. पहिली हाळी वरच्या आळीत द्यायची, असा दंडक होता. आपल्या घरातले तांदळाचे गाडगे मायने माळ्यावर चढवले की नाही, हे पाहायला तो सगळ्यांत शेवटी येई. गाव आपल्या संकटाचे माप ज्या पायरीवरून घेत होते, त्या पायरीवर उभे राहण्याचीही आम्हाला मनाई होती.

पूर म्हणजे निसर्गाचा कोप, असे सांगून आपण मोकळे होतो. नकाशा उघडून पाहिला तर वेगळे दिसते. वैनगंगा मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यात उगम पावते. वर्धा बैतूल जिल्ह्यात, मुलताईकडे. दोघी मिळून प्राणहिता होते आणि सिरोंचाजवळ ती गोदावरीला मिळते. पुढे सोमनूरजवळ इंद्रावती येऊन मिळते. म्हणजे फार मोठ्या प्रदेशाचे पाणी आमच्या दारावरून जाते. मोठी नदी तुडुंब भरली की लहान नद्यांच्या आणि नाल्यांच्या पाण्याला वाट उरत नाही. ते मागे फुगते आणि सखल शेतांत, सखल वस्त्यांत शिरते. भामरागडला इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा एकत्र येतात. तिथे पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुलावरून पाणी गेले की माडिया बांधवांच्या कितीतरी गावांचा जगाशी संबंध तुटतो. २०१९ साली एकाच पावसाळ्यात हे अनेकदा घडले.

२०२० च्या ऑगस्टअखेरीस मध्य प्रदेशात अतिवृष्टी झाली. तिकडची धरणे भरली, गोसीखुर्दचे ३३ दरवाजे उघडावे लागले, आणि ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरीकडचा धान पाण्याखाली गेला. पाऊस एका राज्यात पडला, आणि पाणी कधी सोडायचे याचे निर्णय झाले ते धरणांवर. बुडाला मात्र तो, ज्याला या दोन्हींत काही विचारले जात नाही.

चंद्रपूर शहर इरई-झरपटीच्या संगमावर, परकोटाच्या आत वसले. शहर वाढले तसा कष्टकरी माणूस परकोटाबाहेर, नदीच्या बाजूला सरकला. कारण परवडणारी जागा तिथेच होती. वर वीज केंद्रासाठी इरई धरण झाले, काठावर कोळसा खाणींच्या मातीचे डोंगर उभे राहिले, पात्र आवळले गेले. जुलै २०२२ मध्ये रहमतनगरसारख्या वस्त्यांत पाणी शिरले. ही माणसे नदीकाठी हौसेने गेली होती काय?

१९८६ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला आलेला महापूर सिरोंचाकडचे म्हातारे अजून विसरलेले नाहीत. खाली भद्राचलमला त्या वेळी पाणी ७५.६ फुटांवर गेल्याची नोंद आहे; जुलै २०२२ मध्ये ते ७१.३ फुटांवर गेले. दोन्ही पुरांच्या मधल्या काळात नदीवर मेडीगड्डा बॅरेज आले. २०१९ साली त्याचे उद्घाटन झाले आणि पाणी तेलंगणाच्या शेतीसाठी निघाले. फुगवट्याने जमिनी जातात म्हणून सिरोंचा तालुक्यातल्या शेतकऱ्यांना आंदोलने करावी लागली. ऑक्टोबर २०२३ मध्ये याच बॅरेजचे खांब खचले. विकासाचा लाभ एका काठाला आणि पाणी दुसऱ्या काठाला, हा हिशेब आम्हाला नवा नाही.

पूर ओसरला की पंचनामा येतो. पिकाच्या नुकसानीचा पंचनामा सातबाऱ्यावर उभा असतो. पात्रातल्या वाळूत डांगरवाडी लावणाऱ्या ढिवराच्या नावावर सातबारा नाही. ठेक्याने धान करणाऱ्याच्या नावावर नाही. रोवणी बुडाली म्हणून जिची महिन्याची मजुरी गेली, त्या बाईचे नुकसान कोणत्या रकान्यात लिहायचे? मी शाळामास्तर म्हणून अशा याद्यांवर बसलो आहे. रकाना नव्हता म्हणून मी तिचे नाव लिहिले नाही. ही कबुली मला इथे दिलीच पाहिजे.

१९२७ च्या मार्चमध्ये महाडला तळ्याचे पाणी प्यायले म्हणून आमच्या माणसांनी मार खाल्ला. पुढच्याच महिन्यात अमेरिकेत मिसिसिपी नदीचा बांध फुटला. ग्रीनव्हिलला गोरे लोक बोटींनी बाहेर काढले गेले. काळे मजूर बांधावरच्या छावण्यांत अडकवून ठेवले गेले, कारण ते निघून गेले तर कापसाच्या मळ्यांना हात मिळाले नसते. पाणी नाकारणारी व्यवस्था आणि पाण्यात लोटणारी व्यवस्था यांचे नाते इतके जवळचे आहे.

आता पूररेषा आखल्या जातात. पंचवीस वर्षांतल्या पुराची निळी, शंभर वर्षांतल्या पुराची लाल. शास्त्र म्हणून त्या हव्यातच. पण रेषेच्या आत कोण राहतो आणि तो तिथे का आला, हे रेषा सांगत नाही. 'नियमबाह्य वस्ती' म्हणून त्याला हटवणे सोपे. वरच्या अंगाला जागा देणे अवघड.

म्हणून माझी विद्यार्थ्यांना आणि कार्यकर्त्यांना विनंती आहे. आपल्या मोहल्ल्याच्या भिंतींवर १९८६, २०२०, २०२२ च्या पाण्याच्या खुणा करा. म्हाताऱ्यांना विचारा, कोणत्या घरात आधी पाणी आले, हाळी कोणी दिली, मदत कोणाला मिळाली. वहीत लिहा, ग्रामसभेत वाचा. देवळाच्या पायरीवरून मोजलेला पूर पुष्कळ झाला. यापुढे माप नाल्याकाठच्या पहिल्या घराच्या उंबऱ्यापासून सुरू झाले पाहिजे.