वज्रेश्वरीचे पाणी कोण तापवते?

कामणहून दिसणाऱ्या तुंगारेश्वरच्या डोंगरापलीकडे तानसा नदीचे खोरे आहे. तेथे वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी येथे गरम पाण्याची कुंडे आहेत. सहल नेली की मुलांचा एक प्रश्न ठरलेला असतो : "खाली विस्तव आहे का?" बहुतेकदा आपण दोनांपैकी एक उत्तर देतो, गंधक किंवा ज्वालामुखी. ही दोन्ही उत्तरे तपासून पाहू या.

हे झरे लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहेत. कोकणात अशा झऱ्याला 'उन्हाळे' म्हणतात. उन्हेरे, उन्हवरे ही गावांची नावेही 'ऊन' या शब्दाशी नाते सांगतात. देवीने मारलेल्या राक्षसांचे रक्त म्हणजेच वज्रेश्वरीचे ऊन पाणी, अशी कथा आहे. 1739 मध्ये वसई घेण्यापूर्वी चिमाजी अप्पांनी या देवीला नवस केला होता, असे परंपरा सांगते.

युरोपातही तर्क लढवले जात होते. सोळाव्या शतकात खाणशास्त्राचा अभ्यासक ॲग्रिकोला याला वाटे, की जमिनीखाली जळणाऱ्या डांबरासारख्या पदार्थांमुळे पाणी तापते. गंधकाचे उत्तर याच घराण्यातले. परंतु जळायला हवा लागते, आणि खोल खडकात ती पोचणार कशी? कुंडांना येणारा वास पाण्यात विरघळलेल्या थोड्याशा हायड्रोजन सल्फाइडचा असतो. तो उष्णतेचे कारण नव्हे.

पद्धतशीर नोंदींचे काम भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाचे पहिले प्रमुख थॉमस ओल्डहॅम यांनी केले. देशातील सुमारे तीनशे झऱ्यांची त्यांची यादी, त्यांच्या मृत्यूनंतर, 1882 मध्ये त्यांचे पुत्र रिचर्ड यांनी प्रसिद्ध केली. (भूकंपलहरींवरून पृथ्वीला गाभा असल्याचा पुरावा 1906 मध्ये मांडणारे ते हेच रिचर्ड.) नकाशावर ही ठिकाणे मांडली, की कोकणातले झरे पालघरपासून राजापूरपर्यंत उत्तर-दक्षिण ओळीत दिसतात. या पट्ट्यात बेसाल्टचे थर पश्चिमेकडे वाकलेले आहेत आणि त्यांत भेगा व उभ्या भित्ती पुष्कळ आहेत.

बेसाल्ट म्हणजे गोठलेला लाव्हा. मग त्याचीच ऊब उरली असेल का? हिशेब करू. दगडातून उष्णता अतिशय सावकाश वाहते. तरीही दोन किलोमीटर जाडीचा थर निवायला साधारण लाख-सव्वा लाख वर्षे पुरतात. जाडी दुप्पट केली तर वेळ चौपट, म्हणजे पाच लाख वर्षे. आपला लाव्हा सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा आहे. त्याची ऊब केव्हाच संपली.

मग हे पाणी तरी कोठले? 1902 मध्ये कार्ल्सबाड येथील व्याख्यानात एडुआर्ड झ्यूस या थोर भूवैज्ञानिकाने सांगितले, की काही गरम झऱ्यांचे पाणी पृथ्वीच्या पोटातून प्रथमच वर येत असते. या मताचा प्रभाव बराच काळ टिकला. 1950 नंतर हार्मन क्रेग व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाण्यातील जड हायड्रोजनचे प्रमाण मोजले. खडकात हायड्रोजन फारच कमी असतो, म्हणून पाणी खडकातून फिरले तरी ही खूण सहसा पुसली जात नाही. अनेक ठिकाणच्या गरम पाण्यातली खूण त्या त्या भागातल्या पावसाशी जुळली. पाणी पावसाचेच होते!

कोकणातल्या झऱ्यांबाबतही हेच आढळले. 2000 मध्ये मुंबईच्या आयआयटीतील आणि इटलीतील संशोधकांनी येथील पाणी व वायू तपासले. पाणी मुख्यतः पावसाचे निघाले. त्यातला हेलियम जुन्या खडकांतील युरेनियम व थोरियम यांच्या विघटनातून आलेला होता. वितळलेल्या शिलारसाची खूण त्यात नव्हती.

आता साखळी जुळते. डोंगरावर पडलेला पाऊस भेगांतून खोल मुरतो. पृथ्वीच्या कवचात दर किलोमीटरला तापमान साधारण 25 ते 30 अंशांनी वाढते. 27 अंशांचे पाणी अडीच किलोमीटर खाली गेले, तर ते 100 अंशांच्या घरात पोचते. इतके तापलेले पाणी थंड पाण्यापेक्षा सुमारे चार टक्के हलके होते. मागून डोंगरातल्या थंड पाण्याचा दाब असतोच. वर जाणारी भेग मिळाली, की ते खोऱ्याच्या सखल भागात, नदीकाठी बाहेर पडते. वाटेत ते निवते, कधी थंड पाण्यात मिसळते. म्हणूनच उन्हवऱ्याला सुमारे 70 अंश, तर इतर अनेक ठिकाणी त्याहून कमी तापमान आढळते.

तेव्हा मुलांना सांगावे, की खाली विस्तव नाही. जी उष्णता आपल्या शाळेच्या पायाखालीही आहे, तीच येथे पाण्याबरोबर वर येते. दुर्मीळ आहे ती खोल जाणारी आणि परत वर आणणारी वाट. पुढच्या सहलीत एक तापमापक बरोबर घ्यावा, कुंडाच्या काठाशी जपून तापमान मोजावे आणि 'हे पाणी निदान किती खोल जाऊन आले असेल?' हे गणित मुलांनाच करू द्यावे. मग तुंगारेश्वरकडे बोट दाखवून विचारावे : या कुंडातला पाऊस कोठे पडला असेल?