हेमाडपंती म्हणजे नक्की कुणाचं?

तर मंडळी, या वीकेंडला जरा दगडधोंड्यांबद्दल.

बुलढाणा जिल्ह्यात चिखलीहून खामगावकडे निघालात की अमडापूर लागतं. टेकडीवरच्या बल्लाळदेवीमुळे गाव सगळ्यांना ठाऊक. याच चिखली तालुक्यात सातगाव भुसारी आणि साकेगावला जुनी दगडी देवळं आहेत, पुढे मेहकर आणि लोणार आहेच. कुठलंही देऊळ घ्या, ते कधीचं असं विचारलंत की उत्तर ठरलेलं: "हेमाडपंती आहे." झालं, विषय संपला!

आता हा हेमाद्री पंडित म्हणजे देवगिरीच्या महादेव यादवाचा (१२६१-१२७१) आणि त्यानंतर रामचंद्रदेवाचा मंत्री. लोकांनी मोडी लिपी आणि बाजरीसुद्धा त्याच्याच नावावर टाकली आहे. पण त्याचा गाजलेला ग्रंथ 'चतुर्वर्गचिंतामणी' हा व्रतं, दानं, श्राद्ध यांचा आहे, बांधकामाचा नव्हे. आणि गंमत बघा, अंबरनाथचं शिवमंदिर १०६० सालचं, शिलाहारांच्या काळातलं. म्हणजे हेमाद्रीच्या दोनेकशे वर्षं आधीचं. तरी तेही हेमाडपंतीच!

या देवळांचं डिझाइन साधं आणि पक्कं. चुना नाही. घडीव दगड एकमेकांत खाचा पाडून बसवायचे, बाकी काम वजन करतं. दगड दाब भरपूर सोसतो पण ताण सोसत नाही, त्यामुळे तुळई फार लांब करता येत नाही. म्हणून मंडपात खांबांची गर्दी. छताला तर मस्त युक्ती: चौकोनाच्या कोपऱ्यांवर तिरप्या शिळा ठेवायच्या, मोकळी जागा लहान करत न्यायची आणि शेवटी वर एकच शिळा. पुढे सुलतानी काळात कमान आणि चुना रुळले आणि मोठी जागा खांबांशिवाय झाकता येऊ लागली. सिंदखेडराजाची लखुजी जाधवांची (मृत्यू १६२९) घुमटाची समाधी बघा, फरक लगेच कळेल.

इथे चीन आठवतो. अंबरनाथच्या फक्त चार वर्षं आधी, १०५६ मध्ये, तिकडे यिंगशियनला सुमारे ६७ मीटर उंचीचा लाकडी पॅगोडा उभा राहिला. तोही सांध्यांवरच तोललेला, फक्त दगडाऐवजी लाकूड. पुढे ११०३ मध्ये सुंग दरबाराने 'यिंगझाओ फाशी' हा बांधकामाचा ग्रंथ छापला. त्यात लाकडाच्या आठ प्रमाणित मापांवरून अख्ख्या इमारतीची मापं काढायची पद्धत आहे. आपल्या भाषेत, चक्क स्टँडर्ड लायब्ररी.

आपल्याकडे असं काही नव्हतं का? होतं की! माळव्याच्या भोजराजाच्या नावाने असलेल्या, अकराव्या शतकातल्या 'समरांगणसूत्रधार' ग्रंथात भूमिज शैलीच्या देवळांचं वर्णन आहे. अंबरनाथ आणि सिन्नरचं गोंदेश्वर याच शैलीतली. म्हणजे डॉक्युमेंटेशन होतं. आपण ते विसरलो आणि सगळं क्रेडिट एका मंत्र्याला देऊन मोकळे झालो.

पण नावाने एवढा काय फरक पडतो? पडतो. १९३७ मध्ये लिआंग स्सचेंग आणि लिन ह्वेईयिन हे जोडपं चीनमधल्या फोग्वांग मंदिरात पोचलं. तुळईवरच्या धुळीखाली शाईने लिहिलेलं एक नाव त्यांना दिसलं. तेच नाव अंगणातल्या दगडी खांबावर सापडलं, सोबत साल: ८५७. अंबरनाथचं वयसुद्धा आपल्याला कळलं ते शके ९८२ च्या एका शिलालेखामुळेच.

म्हणजे आठ-नऊशे वर्षांचा हिशेब दगडावरच्या दोन-चार ओळींवर उभा असतो. जीर्णोद्धाराच्या उत्साहात त्यांवर ऑइलपेंट किंवा सिमेंट चढलं की तो गेला, आणि याचा बॅकअप नाही. "हेमाडपंती आहे" म्हणून गप्प बसणाऱ्याला काय गेलं तेही कळत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी गावाकडच्या देवळात गेलात तर दर्शन झाल्यावर पाच मिनिटं खांब, चौकट, तुळया नीट बघा. अक्षरं दिसली तर फोटो काढून ठेवा. आणि कुणी रंगाचा डबा घेऊन आलंच, तर आधी ते त्यांना दाखवा.