अर्ध्या तासाची भाकरी

गेल्या आठवड्यात आपल्या एका श्रोत्या ताईंनी विचारलं होतं, "डॉक्टर म्हणतात थोडं थोडं पण वेळेवर खा. कामाच्या दिवसात ते जमवायचं कसं?" या प्रश्नाला मोठा इतिहास आहे, आणि तो आपल्या मुंबईतला आहे. आज तोच सांगतो.

गावाकडे शेतकऱ्याचा दिवस खाण्यावर बेतलेला असायचा. सकाळी न्याहारी, दुपारी घरातून शेतावर आलेली भाकरी, अंधार पडल्यावर रात्रीचं जेवण. बैलांनाही विसावा मिळायचा. १८५६ साली ताडदेवला कावसजी दावर यांची कापडगिरणी सुरू झाली. मग एकामागून एक गिरण्या उभ्या राहिल्या, आणि कोकणातून, घाटावरून आलेल्या माणसांचा दिवस भोंग्यावर चालू लागला. काम पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत. जेवायला ठरलेली सुट्टी नाही. यंत्र चालूच राहायचं. शेजारच्याला यंत्रावर लक्ष ठेवायला सांगून, कापसाच्या धुळीतच चार घास पोटात ढकलायचे.

ही स्थिती बदलायला एक माणूस उभा राहिला, नारायण मेघाजी लोखंडे. महात्मा फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक. १८८४ मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचं निवेदन सरकारपुढे ठेवलं. मागण्या साध्या होत्या: रविवारी सुट्टी, वेळेवर पगार, जखमी झाल्यास भरपाई, कामाच्या तासांना मर्यादा, आणि दुपारी अर्धा तास विश्रांती. तो अर्धा तास म्हणजे बसून भाकरी खाण्याचा हक्क. एप्रिल १८९० मध्ये झालेल्या मोठ्या सभेत दोन गिरणीकामगार स्त्रियाही बोलल्या. त्याच वर्षी जूनमध्ये गिरणीमालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने दुपारी अर्धा तास यंत्रं थांबवणं बंधनकारक झालं.

वेळ मिळाला. पण त्या वेळात खायचं काय? एकट्या राहणाऱ्या गड्यासाठी स्वयंपाक कोण करणार? इथे इतिहासात बायका येतात, बहुतेक नावाशिवाय. गिरणगावातल्या चाळींमध्ये खानावळवाल्या बायका पहाटे चूल पेटवायच्या. दहा बाय दहाच्या खोलीत दहा-पंधरा माणसांचं जेवण: भाकरी, उसळ, भात, कधी सुकी मासळी. पाळीनुसार कुणी खोलीवर येऊन जेवायचं, कुणाचा डबा गिरणीवर जायचा. पैसे पगार झाल्यावर. संप झाला, पगार थांबला, तरी यांनी माणसं उपाशी ठेवली नाहीत, आणि त्यासाठी त्या स्वतः सावकाराकडे गेल्या. या कर्जातून त्यांना सोडवण्यासाठी १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि बँकेतून कर्ज मिळवून दिलं. गिरणगावाची भूक भागवणाऱ्या बाईच्या कष्टाला तेव्हा कुठे 'धंदा' म्हणून मान मिळाला.

कचेरीत जाणाऱ्यांची सोय वेगळी झाली. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी डबे पोचवण्याचं काम सुरू केलं असं मानलं जातं. मावळ, जुन्नर, राजगुरुनगरकडची माणसं डोक्यावर डब्यांची लांब फळी घेऊन धावू लागली. घरचं गरम जेवण दुपारी एकच्या ठोक्याला टेबलावर.

आता इथे ब्रिटनमध्ये पाहू. १९९८ च्या नियमांनुसार सहा तासांपेक्षा जास्त काम असेल तर सलग वीस मिनिटांची सुट्टी हा तुमचा हक्क आहे. अठराच्या आतल्या मुलांना साडेचार तासांपेक्षा जास्त काम असेल तर तीस मिनिटं. मी स्वतः एका गोदामात काम करताना ती सुट्टी कित्येकदा सोडली. मुकादम काही बोलू नये म्हणून उभ्याउभ्या चिप्स खाल्ले. संध्याकाळी डोकं चढायचं आणि घरी मुलांवर राग निघायचा. लोखंड्यांबद्दल वाचलं तेव्हा लाज वाटली. ज्यासाठी हजारोंनी सह्या केल्या, ते मी फुकट सोडून देत होतो.

म्हणून ताई, माझं उत्तर असं. रात्रीच दोन छोटे डबे भरा. एकात अकरा वाजताचं: भिजवलेले चणे, एखादं फळ, मूठभर शेंगदाणे. दुसऱ्यात पोळी किंवा भाकरी, उसळ, भाजी. मुलांच्या दप्तरातही तसंच ठेवा, फक्त शाळेत शेंगदाण्याला बंदी आहे का ते आधी विचारा. आणि डबा एकट्या आईनेच भरायचा, हा नियम मात्र घरात नको. गिरणगावच्या बायकांनी तेवढं पुरेसं सोसलंय.

उद्या सुट्टी झाली की खुर्चीवर बसा, डबा उघडा. तो वेळ कुणीतरी आपल्यासाठी मिळवलेला आहे.

पुढच्या आठवड्यात भेटू. नमस्कार.