समुद्र न पाहिलेल्या कापसाचा सागरी विमा

आजच्या भागाचा विषय वाचून काही जणांना वाटलं असेल की यांचा पत्ता चुकला. शिडाच्या जहाजाचा विमा, आणि तोही उमरखेडच्या संदर्भात? यवतमाळ जिल्ह्यातलं, पैनगंगेच्या काठच्या तालुक्याचं हे गाव. पूर्वेला जा नाहीतर पश्चिमेला, समुद्र जवळजवळ पाचशे किलोमीटर लांब. इथे नाव म्हणजे पुरात नदी ओलांडायची नाव.

पण थोडं थांबा. एकोणिसाव्या शतकात या भागातला कापूस मुंबईला जायचा, तिथून शिडाच्या जहाजातून आफ्रिकेला वळसा घालून लिव्हरपूलला. त्या जहाजाचा आणि त्यातल्या मालाचा विमा उतरवलेला असायचा. हप्ता मुंबईत भरला जायचा. आणि आजच्या भागात मला जे सांगायचंय ते एवढंच आहे, की तो हप्ता शेवटी कापला जायचा वऱ्हाडातल्या कास्तकाराच्या भावातून. त्याला विमा म्हणजे काय हे कोणी सांगितलं नव्हतं, तरी तो भरत होता. म्हणून हा विमा महाग का होता, स्वस्त कशामुळे झाला आणि त्या स्वस्ताईचा फायदा कोणाला मिळाला, हा आपल्या गावाचाही इतिहास आहे.

भीतीची किंमत

सुरुवात शब्दापासून करू. ‘विमा’ हा शब्द फारसी ‘बीम’शी जोडला जातो. बीम म्हणजे भीती, धास्ती. सतराव्या शतकाच्या शेवटी सुजान राय भंडारी या लेखकाने ‘खुलासत-उत-तवारीख’ या ग्रंथात हुंडीबरोबर या धंद्याचीही नोंद केली आहे. व्यापाऱ्याने माल सराफाच्या हवाली करायचा, ठरलेली रक्कम द्यायची, आणि सराफाने तो दुसऱ्या गावी सुखरूप पोचवायचा. म्हणजे विमा आपल्याकडे इंग्रजांनी आणला, ही समजूत काही खरी नाही.

आता हा दर कशावर ठरायचा? वाटेवरच्या भीतीवर. उमरखेडचाच मुलूख घ्या. मराठेशाहीच्या शेवटी नोवसाजी नाईकांच्या हटकरांची आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या निजामाच्या फौजेची झुंज याच पट्ट्यात झाली, आणि १८१९ मध्ये नोव्ह्याची गढी पडली. अशा काळात बंजाऱ्यांचा तांडा बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य किंवा कापूस घेऊन निघाला, तर तो पोचेलच याची हमी कोण देणार? जो देईल तो भरपूर पैसे मागणार. जॉन माल्कमने १८२३ सालच्या आपल्या ग्रंथात शेजारच्या माळव्यातल्या विम्याच्या धंद्याचं वर्णन केलंय. तिथेही गणित हेच होतं. मुलूख धुमसत असला की दर वर, शांत झाला की खाली.

हे लक्षात ठेवा, कारण समुद्रावरही हाच नियम आहे. विमा देणारा दयाळू झाला म्हणून हप्ता उतरत नाही. धोका कमी झाला, किंवा धोका नेमका किती आहे हे कळलं, की हप्ता उतरतो.

जोखमी हुंडी: एकाच कागदात कर्ज आणि विमा

पश्चिम किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्यांकडे एक फार हुशारीचा कागद होता. त्याचं नाव जोखमी हुंडी. साधी हुंडी म्हणजे ‘अमक्याला इतके रुपये द्यावेत’ अशी चिठ्ठी. जोखमी हुंडीत एक अट असायची. माल घेऊन निघालेलं जहाज सुखरूप पोचलं तरच पैसे द्यायचे. जहाज बुडालं तर हुंडीही बुडाली.

उदाहरण म्हणून आकडे मनाने घेऊ. एका व्यापाऱ्याने हजार रुपयांचा माल जहाजात चढवला. त्याने हजाराची जोखमी हुंडी लिहिली आणि ती सराफाला साडेनऊशेला विकली. व्यापाऱ्याला पैसे लगेच मिळाले. जहाज पोचलं की सराफ पलीकडच्या बंदरात हजार वसूल करणार. नाही पोचलं, तर सराफाचे साडेनऊशे गेले. मधले जे पन्नास रुपये आहेत त्यात थोडं व्याज आहे, थोडी हुंडणावळ आहे, आणि उरलेला विम्याचा हप्ता आहे.

खुबी आहे ती इथे, आणि अडचणही. या पन्नासातले विम्याचे किती आणि व्याजाचे किती, हे कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं. दोन सराफांकडे गेलात तर एक साडेनऊशे म्हणेल, दुसरा नऊशे साठ. दुसरा स्वस्त, हे कळतं. पण तो का स्वस्त आहे, ते कळत नाही.

हप्ता ठरतो कसा?

तिकडे लंडनमध्ये एडवर्ड लॉइड नावाच्या माणसाचं कॉफीचं दुकान होतं. १६८८ च्या सुमारास ते टॉवर स्ट्रीटवर होतं, १६९१ मध्ये लोम्बार्ड स्ट्रीटवर गेलं. जहाजमालक, कप्तान, व्यापारी तिथे बसायचे. पैसेवाले लोक जहाजाच्या जोखमीचा थोडा थोडा हिस्सा उचलायचे आणि कागदाच्या तळाशी सही करायचे. एकाच छपराखाली दहा जण जोखीम घ्यायला बसले, की दर आपोआप ताडून बघता येतात. आज आपण मोबाईलवर चार कंपन्यांचे दर शेजारी शेजारी बघतो ना, तेच काम तेव्हा कॉफीच्या टेबलावर व्हायचं.

पण नुसता दर ताडून भागत नाही, हे त्यांनाही लवकरच कळलं. जहाज कसं आहे ते कोण सांगणार? म्हणून १७६० मध्ये जहाजांची नोंदवही सुरू झाली. तपासनीस जहाज बघायचे, सांगाड्याला एक प्रत आणि दोर-नांगर वगैरे सामानाला एक प्रत द्यायचे. ‘ए-वन’ हा शब्द आपण आज कशालाही लावतो, ‘मिसळ ए-वन आहे’ म्हणतो, तो या नोंदवहीतून आला. ए-वन जहाजातून माल धाडला तर हप्ता कमी, खिळखिळ्या जहाजातून धाडला तर जास्त.

मग प्रश्न ऋतूचा. आपल्या किनाऱ्यावर ज्येष्ठ-आषाढात शिडाची गलबतं ओढून वर घ्यायची आणि शाकारून ठेवायची, नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात लोटायची, ही जुनी रीत. ती काही नुसती धार्मिक नव्हती. पावसाळ्यात समुद्रात घातलेल्या जहाजाची जोखीम कोणी शहाणा माणूस स्वस्तात घेत नसे.

आणि शेवटचा मुद्दा, विमा नेमका कशाचा? जहाज पूर्ण बुडालं तरच पैसे, की कापूस नुसता भिजला तरीही पैसे? पहिला विमा अर्थातच स्वस्त. पण कापसाच्या बाबतीत खरी भीती भिजण्याचीही असते, आणि आगीचीही. तळाशी शिरलेलं खारं पाणी गाठींना लागलं की जहाज शाबूत असूनही माल मातीमोल. म्हणजे हप्ता ताडून बघायचा, तर आधी दोन्ही कागदांत एकच गोष्ट लिहिली आहे का हे बघावं लागतं.

स्वस्ताई आली कुठून?

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस अडकला आणि इंग्लंडच्या गिरण्यांना हिंदुस्थानच्या कापसाशिवाय गत्यंतर राहिलं नाही. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली होताच. १८६७ मध्ये रेल्वे बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली, १८७० मध्ये खामगावला फाटा आला. उमरखेड रेल्वेपासून लांबच राहिलं, त्यामुळे इथला माल बैलगाडीनेच पुढे सरकायचा. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाची वाट या तालुक्याने किती पिढ्या पाहिली, ते वेगळं सांगायला नको.

त्याच सुमाराला समुद्रावर चार गोष्टी झाल्या. एक, दिवे लागले. मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर १८६७ मध्ये दीपगृह उभं राहिलं, आणि कुलाब्याच्या टोकाजवळच्या खडकांवर प्रॉन्ग्सचं दीपगृह १८७५ मध्ये. ज्या खांदेरीवरून शिवकाळात आरमारी लढाई झाली, ज्या टापूत कान्होजी आंग्र्यांचा वचक होता, तेच बेट आता जहाजांना वाट दाखवू लागलं. दोन, नोव्हेंबर १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला. आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालताना शिडाच्या जहाजाला साधारण चार महिने लागत. आगबोट कालव्यातून महिन्याभरात जाऊ लागली. माल पाण्यावर जितके दिवस कमी, तितका धोका कमी. तीन, १८७० मध्ये समुद्राखालून तार आली. जहाज निघाल्याची बातमी त्याच्या आधी लंडनला पोचू लागली. चार, कापूस दाबून घट्ट गाठी बांधायचे प्रेस वाढले.

यात शिडाचं जहाज मात्र मागे पडलं. सुएझचा कालवा आणि तांबडा समुद्र वाऱ्यावर चालणाऱ्या जहाजाला सोयीचा नाही, त्याला लांबचाच रस्ता. लांबचा रस्ता म्हणजे जास्त हप्ता, आणि हप्ता जास्त म्हणून मालही कमी. शिडांना वाफेच्या इंजिनाने हरवलं असं आपण म्हणतो, पण त्या लढाईत विम्याचा दर इंजिनाच्या बाजूने लढत होता.

स्वस्त विम्याची काळी बाजू

इथे एक माणूस आठवायलाच हवा. सॅम्युएल प्लिम्सॉल, ब्रिटिश पार्लमेंटचा सभासद. १८७३ मध्ये त्याने खलाशांच्या हालांवर पुस्तक लिहिलं. त्याचा आरोप असा होता, की काही मालक कुजकी जहाजं काठोकाठ भरून समुद्रात सोडतात, कारण त्यांचा विमा किमतीपेक्षा जास्त उतरवलेला असतो. जहाज पोचलं तर भाडं, बुडालं तर विमा. मालकाचं दोन्हीकडून भलं. मरायचे ते खलाशी. शवपेटी-जहाजं, असं त्यांना लोक म्हणत. १८७६ च्या कायद्याने जहाजाच्या अंगावर भाररेषा काढणं बंधनकारक झालं. आजही प्रत्येक मालवाहू जहाजावर ती प्लिम्सॉल रेषा दिसते.

हप्ता कमी करायचे रस्ते दोन. एक, धोका खरंच कमी करा. दुसरा, धोका दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर ढकला. कागदावर दोन्ही सारखेच स्वस्त दिसतात.

मग उमरखेडला काय मिळालं?

मुंबईचा व्यापारी हिशोब उलटा करायचा. लिव्हरपूलच्या भावातून जहाजाचं भाडं वजा, विमा वजा, दलाली वजा, प्रेस वजा, रेल्वे वजा. उरलं ते खामगावला द्यायचं. खामगावचा अडत्या त्यातून आपलं काढायचा. गावातला सावकार, ज्याच्याकडून उभ्या पिकावर आधीच उचल घेतलेली, तो त्यातून आपलं काढायचा. समुद्रावरचा हप्ता वाढला की व्यापारी तो लगेच खालच्या भावात धरायचा. हप्ता उतरला तर? तर तो फायदा वरून खाली झिरपायला मध्ये फार हात होते. किती वजा झालं आणि का, हे विचारायची सोयच नव्हती. जोखमी हुंडीतले ते पन्नास रुपये आठवा. तीच गत.

म्हणूनच वऱ्हाडातली एक घटना मला मोठी वाटते. उमरखेडच्या उत्तरेला, आजच्या वाशिम जिल्ह्यात कारंजा आहे. तिथला कापसाचा बाजार १८८६ मध्ये नियमांखाली आला, देशातला असा पहिला बाजार म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. मग १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्याच्या बाजारांचा कायदा झाला. त्यात पुढे अनेक त्रुटी निघाल्या, पण विचार बरोबर होता. वजन, अडत, कपात हे उघड्यावर हवं. जे दिसतं तेच ताडता येतं.

आज

आज कोणी मुंबई-गोव्यात शिडाची बोट ठेवत असेल, तर त्याला हप्ता कमी करायचे जे उपाय सांगतात ते सगळे आपण आत्ता पाहिले. पावसाळ्यात बोट बाहेर काढून ठेवा. ठरलेल्या हद्दीतच चालवा. लहान नुकसान स्वतः सोसायची तयारी ठेवा. बोटीची तपासणी करून घ्या. आणि चार कंपन्यांचे दर मागवताना चारही कागदांत तीच किंमत आणि तेच धोके आहेत ना, ते बघा. आपल्याकडे जहाजांच्या विम्याचे ठरावीक सरकारी दर २००५ मध्ये उठले, त्यामुळे दर ताडून बघण्यात आता अर्थ आहे.

पण उमरखेडच्या कास्तकाराकडे ही सोय आहे का? त्याचं जहाज म्हणजे त्याचं शेत. पीक विमा योजनेत जिल्ह्यासाठी कंपनी सरकार निविदेने ठरवतं. तो चार दर मागवू शकत नाही. २०२३ च्या खरिपापासून महाराष्ट्रात एक रुपयात पीक विमा मिळाला. २०२५ च्या खरिपापासून तो बंद झाला. आता सोयाबीनला विमा रकमेच्या दोन टक्क्यांपर्यंत, कापसाला पाच टक्क्यांपर्यंत हप्ता आहे. चर्चा सगळी या रुपयाची आणि टक्क्यांची झाली. पण त्याच वेळी आणखी एक गोष्ट बदलली. एकट्या शेतात अतिवृष्टीचं पाणी शिरून झालेल्या नुकसानीची वेगळी भरपाई गेली, आणि भरपाई मंडळातल्या पीक कापणी प्रयोगांच्या सरासरी उत्पन्नावर आली. म्हणजे भिजलेल्या गाठी कागदातून निघाल्या.

हप्ता किती, हा प्रश्न सगळे विचारतात. ‘कशाचा विमा?’ हा त्याच्या आधीचा प्रश्न आहे, आणि लॉइडच्या दुकानात बसलेला व्यापारी तो आधी विचारायचा. पुढच्या वेळी गावात विम्याचा अर्ज भरायला जाल तेव्हा तोही विचारा, आणि उत्तर कागदावर बघा.

आजच्यापुरतं इतकंच. भेटू पुढच्या भागात.