चिक्की : वाटेवरचा गोड पदार्थ

मुंबईहून पुण्याला येणारा पाहुणा दारात उभा राहिला, की आम्हा मुलांचे लक्ष त्याच्या चेहऱ्याकडे नसे, हातातल्या पिशवीकडे असे. पिशवीत लोणावळ्याची चिक्की असणार हे ठरलेलेच. एकदा मी आईला विचारले, "लोणावळ्याला शेंगांची खूप शेती असते का गं?" आई हसली आणि म्हणाली, "अरे, तिथे पाऊस किती पडतो! तिथे पिकतो तो भात."

मग शेंगदाणे तिथले नाहीत, ऊस तिथला नाही, तर चिक्की तिथली कशी? या साध्या प्रश्नाच्या पोटात बराच इतिहास दडलेला आहे.

गुळात दाणे घोळवून खाणे ही आपल्याकडची फार जुनी सवय. मात्र शेंगदाणा त्यात उशिरा आला. त्याआधी मान होता तिळाचा. हडप्पाच्या उत्खननात तिळाचे जळालेले दाणे सापडले आहेत, म्हणजे तिळाशी आपली ओळख काही हजार वर्षांची. संक्रांतीच्या तिळगुळाचे गोत्र इतके जुने आहे. भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेचा. युरोपीय दर्यावर्दींनी तिकडून आणलेल्या मिरची, बटाट्यासारखाच तोही इकडे आला. एकोणिसाव्या शतकात दख्खनच्या शेतांत तो पसरला, आणि तिळाच्या शेजारी गुळात जाऊन बसला. हीच गुडदाणी. खिशात मावणारी, आठवडाभर न बिघडणारी, मूठभर खाऊन वर पाणी प्यायले की पोटाला आधार देणारी. उन्हातून आलेल्या माणसापुढे गूळपाणी ठेवण्याची आपली रीत आहेच. गुडदाणी हे कष्टकऱ्याचे, वाटसरूचे गूळपाणी.

आता बोरघाटाकडे वळू. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८५६ मध्ये घाटाच्या पायथ्याशी पोचला. वर खंडाळा ते पुणे हा मार्ग १८५८ मध्ये सुरू झाला. मधला डोंगर मात्र तसाच होता. खाली गाडीतून उतरायचे, पालखीतून नाहीतर तट्टावरून घाट चढायचा आणि वर पुन्हा गाडीत बसायचे, असा तो प्रवास. हा तुटलेला दुवा सांधण्यासाठी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १८५६ मध्ये घाटातले काम हाती घेतले. मुख्य अभियंता होते जेम्स बर्कली. सुमारे १६ मैलांत १,८३१ फूट चढायचे होते. त्यासाठी २५ बोगदे खोदावे लागले, दऱ्यांवर ८ मोठे पूल बांधावे लागले.

हे काम सुखासुखी झाले नाही. जानेवारी १८५९ मध्ये मजुरीच्या तक्रारींवरून कामगारांचा संताप उसळला आणि दंगा झाला. पहिल्या ठेकेदाराने त्याच वर्षी काम सोडले. नवा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल इंग्लंडहून आला आणि काही आठवड्यांतच आजारी पडून वारला. त्याची पत्नी ॲलिस हिने ठेका सोडला नाही; तिच्या नावाने काम पुरे झाले. १८६१ च्या सुरुवातीला घाटात ४०,००० हून अधिक मजूर राबत होते. दोरीला लोंबकळत कड्यात सुरुंगाची भोके पाडणारे, डोक्यावर पाट्या वाहणारे, बायकामुलांसह झोपड्यांत राहणारे. पटकीच्या साथीत त्यांतले किती गेले! २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाटमार्गाचे उद्घाटन झाले. तो दिवस पाहायला बर्कलीही नव्हते. १८६२ मध्येच त्यांचे निधन झाले होते. बर्कली आणि ट्रेडवेल ही नावे इतिहासात राहिली. मजुरांचा राहिला तो आकडा.

लोणावळ्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते, की रेल्वेच्या या कामगारांना गुडदाणी विकता विकता चिक्कीचा धंदा उभा राहिला. लोणावळ्याच्या चिक्कीचे सर्वांत परिचित नाव मगनलाल. त्या नावाशीही हीच हकिगत जोडलेली आहे. कामगार पांगले, पण रेल्वेने नवे गिऱ्हाईक आणून दिले. घाट चढताना गाडीला जादा इंजिने लावावी लागत आणि वर आल्यावर ती सोडवून घ्यावी लागत. त्यासाठी लोणावळ्याला गाडी थांबणे भागच होते. खिडकीशी भुकेला प्रवासी आणि फलाटावर पाट्या घेतलेला विक्रेता! मजुराची गुडदाणी पातळ लाटली गेली, चौकोनी कापली गेली, खोक्यात बसली आणि 'लोणावळ्याची चिक्की' झाली. म्हणजे चिक्की लोणावळ्याच्या मातीची नाही, लोणावळ्याच्या थांब्याची आहे.

तमिळनाडूत कोविलपट्टीला याच्या उलट चित्र दिसते. तिथल्या काळ्या जमिनीत शेंगा पिकतात आणि त्याच शेंगांची 'कडलै मिठाई' होते. तिला २०२० मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. एकाच पदार्थाच्या दोन जन्मकथा : एक शेताची, एक रस्त्याची.

घरी चिक्की करणाऱ्या गृहिणींना तिचा हट्टी स्वभाव ठाऊक असतो. आमच्या घरी एका संक्रांतीला आईने नेहमीचाच गूळ वापरला. चिक्की काही कडक होईना. मुलांच्या दातांना चिकटून बसली. चूक आईची नव्हती, गुळाची होती. गुळात साखरेबरोबर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही असतात. त्यांचे प्रमाण जास्त असले, की गूळ हवेतला ओलावा ओढतो आणि मऊ पडतो. म्हणून वाणी 'चिक्कीचा गूळ' वेगळा ठेवतो.

कृती तशी चार ओळींची. वाटीभर दाणे खमंग भाजून, सोलून, पाखडून घ्यायचे. तेवढाच चिक्कीचा गूळ चमचाभर तुपावर मंद आचेवर वितळवायचा. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून पाहायचा : ताणला गेला तर अजून शिजवायचा, कट्‌कन मोडला तर झाला. दाणे घालून, तूप लावलेल्या पोळपाटावर ओतून झरझर लाटायचे आणि गरम असतानाच सुरीने रेघा मारायच्या. गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात. डबा उघडा राहिला तर पावसाळ्याची हवा सगळ्या मेहनतीचे पाणी करते. आणि लोणावळ्याइतका पाऊस फार थोड्या गावांत पडतो! अशा गावाने कुरकुरीत चिक्कीवर नाव मिळवावे, ही करणाऱ्यांच्या हाताची कमाल म्हटली पाहिजे.

२००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. आता कित्येक गाड्या लोणावळ्यात न शिरताच पुढे जातात. तरी परतताना कुणीतरी म्हणतेच, "जरा थांबा, चिक्की घेऊ." त्या घाटात मजुरांची नावे लिहिलेला दगड माझ्या पाहण्यात नाही. बोगद्याच्या अंधारातून गाडी बाहेर येते आणि हातातल्या पुड्यातला तुकडा कट्‌कन मोडतो, तेव्हा त्या ४०,००० माणसांची मला आठवण होते. पुढच्या वेळी तुम्हालाही झाली, तर या बोलण्याचे सार्थक झाले.