तळटीप 14 : निगेटिव्हच्या काठावरचे क्रमांक

‘कर्जतचा’ म्हणून ओळखला जाणारा एन. डी. स्टुडिओ प्रत्यक्षात खालापूर तालुक्यात, चौकजवळ आहे. नितीन चंद्रकांत देसाई यांनी तो 2005 साली उभारला. ‘जोधा अकबर’ (2008, संकलक बल्लू सलुजा) तिथे चित्रित झाला, तेव्हा संकलन संगणकावर गेले होते. चित्रीकरण मात्र अजून फिल्मवर होई. 35 मि.मी. फिल्मच्या एका फुटात 16 चौकटी, सेकंदाला 24; म्हणजे मिनिटाला 90 फूट. पडद्यावर ठरवलेला काप इतक्या फुटांत नेमका कुठे, हे काठावर छापलेल्या क्रमांकांवरूनच कळे. त्यांची यादी हातात घेऊन निगेटिव्ह कापणारे कारागीर मूळ फिल्मला कात्री लावत. त्यांच्या कौशल्याला माझ्या मते फार कमी श्रेय मिळाले. फिल्म चिकटवणाऱ्या सिमेंटच्या सांध्यात शेजारची चौकट खर्ची पडते, त्यामुळे चुकलेला काप पूर्ववत जोडता येत नसे. — संपादक