उंदीर पळतो, मांजर बिथरते, माणूस पेंगतो: एकाच औषधाचे इतके वेगळे परिणाम का?

घाटनांदूर असो की पुणे, खोकल्याच्या औषधाची अर्धी उरलेली बाटली बहुतेक घरांत सापडते. "मला लागू पडलं, तू पण घे" म्हणत ती घरभर फिरते. पण त्या बाटलीत कोडीन असेल, तर हाच सल्ला जिवावर बेतू शकतो. तो कसा, हे समजून घेऊ.

ओपिऑइड म्हणजे काय?

अफूच्या बोंडाच्या चिकापासून मॉर्फीन आणि कोडीन मिळतं. ट्रामाडॉल, फेंटानिल ही औषधं कारखान्यात तयार होतात. या सगळ्यांना ओपिऑइड म्हणतात. मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या 'म्यू' नावाच्या रिसेप्टरला ती चिकटतात. त्यामुळे वेदना कमी होतात. पण त्याच वाटेने श्वासही मंदावतो आणि व्यसनही लागतं.

यकृतात काय घडतं?

कोडीन स्वतः फारसं प्रभावी नसतं. यकृतातलं सीवायपी२डी६ हे एन्झाइम त्याच्या थोड्या भागाचं मॉर्फीन करतं, आणि वेदना मुख्यतः त्या मॉर्फीनमुळे थांबतात. हे एन्झाइम किती काम करणार, हे जनुकांवर ठरतं. ते सुस्त असलेल्या माणसाला कोडीनने आराम पडत नाही. ते फार वेगवान असेल, तर नेहमीच्या डोसमधूनही जास्त मॉर्फीन तयार होऊन श्वास अडकू शकतो. म्हणूनच अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१७ मध्ये १२ वर्षांखालच्या मुलांना कोडीन देऊ नये असं स्पष्ट केलं.

प्रयोगशाळेत काय दिसतं?

मॉर्फीन दिलं की माउस, म्हणजे छोटा उंदीर, पिंजऱ्यात सुसाट पळत सुटतो आणि त्याची शेपटी ताठ उभी राहते. रॅट, म्हणजे मोठा उंदीर, जास्त डोसला आधी निपचित पडतो आणि नंतर चळवळ्या होतो. मांजर जास्त डोसला बिथरते. माणूस मात्र पेंगतो.

याचं एक कारण मेंदूच्या रचनेत आहे, दुसरं पचनात. माणसाचं शरीर मॉर्फीनपासून एम३जी आणि एम६जी असे दोन पदार्थ बनवतं. त्यातलं एम६जी वेदनाशामक असतं. रॅटच्या शरीरात ते जवळपास बनतच नाही. त्यामुळे उंदरावरचा निकाल जसाच्या तसा माणसाला लावता येत नाही.

व्यसनाचं काय?

१९७० च्या दशकाच्या अखेरीस कॅनडातल्या ब्रूस अलेक्झांडर यांनी 'रॅट पार्क' बांधलं. एकट्या पिंजऱ्यातले रॅट मॉर्फीन घातलेलं गोड पाणी जास्त पीत. सोबती आणि मोकळी जागा मिळालेले रॅट ते कमी पीत. पुढे हा प्रयोग पुन्हा करणाऱ्या सगळ्यांना तेच निकाल मिळाले नाहीत. तरी व्यसन फक्त औषधामुळे लागत नाही, एकटेपणाही त्यात भर घालतो, हा विचार तिथून पुढे आला.

भारतात नियम काय?

कोडीन आणि ट्रामाडॉल 'शेड्यूल एच१' मध्ये आहेत. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत आणि मेडिकलवाल्याला विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते. एप्रिल २०१८ पासून ट्रामाडॉल अमली पदार्थविरोधी कायद्याखालीही आलं. जून २०२३ मध्ये केंद्राने क्लोरफेनिरामाइन आणि कोडीन एकत्र असलेल्या सिरपवर बंदीची अधिसूचना काढली.

मग आपण काय करायचं?

बाटलीवरची घटकांची नावं वाचा. उरलेलं औषध दुसऱ्याला देऊ नका, लहान मुलांना तर नाहीच. ओपिऑइडसोबत दारू किंवा झोपेची गोळी घेऊ नका. कुणी उठवूनही उठत नसेल, श्वास फार मंद असेल, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, तर लगेच १०८ ला फोन करा. घाटनांदूरकरांसाठी जवळचं मोठं सरकारी रुग्णालय अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाचं आहे. नॅलोक्सोन हे औषध वेळेत मिळालं, तर थांबत आलेला श्वास परत येऊ शकतो.

घरात कुणाला सवय लागली असेल, तर लपवू नका. १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन मोफत आहे.